कूर्चापेशींची रोवणी : सांधेदुरुस्तीच्या एका उपचारपद्धतीचा परिचय



वार्षिक अहवालात हिशेब आणि रुग्णसेवेची आकडेवारी यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर ओळख करून द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. यंदाचा विषय वाचकांनीच आमच्यापुढे ठेवला आहे. ‘गुडघ्याची झिजलेली गादी आता प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा बसविता येते म्हणतात, मग आमच्या आईचा गुडघा बदलण्याऐवजी हे का करू नये?’ असे नातलग विचारतात. ‘अशी प्रयोगशाळा गोंदियात उभारावयाची तर किती निधी लागेल?’ अशी विचारणा काही हितचिंतकांनीही केली आहे. दोन्ही प्रश्नांमागे आपुलकी आहे. दोहोंचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येण्याजोगे नाही. उपचार खरा आहे, शास्त्रशुद्ध आहे आणि आपल्याच महाराष्ट्रात त्याची प्रयोगशाळाही आहे. परंतु तो ज्यांच्यासाठी आहे ते रुग्ण आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागापुढे सकाळी रांगेत बसलेले बहुतांश रुग्ण हे एक नव्हेत. हा भेद नीट उमगावा, हाच या लेखाचा हेतू आहे.

कूर्चा म्हणजे काय?

जेथे दोन हाडे एकमेकांवर फिरतात, तेथे त्यांच्या टोकांवर एक गुळगुळीत, निळसर पांढरे आवरण असते. त्यास कूर्चा म्हणतात. सांध्यातील या कूर्चेला तिच्या काचेसारख्या रूपावरून ‘काचाभ कूर्चा’ असे शास्त्रीय नाव आहे. गुडघ्यात तिची जाडी बहुतेक ठिकाणी 2 ते 4 मिलिमीटर इतकीच असते. एवढ्याशा थरावर शरीराचा भार पेलून मनुष्य आयुष्यभर चालतो, उकिडवा बसतो आणि डोक्यावर ओझे घेऊन बांधाबांधाने जातो.

या थराचे सामर्थ्य त्याच्या घडणीत आहे. कूर्चेचा 65 ते 80 टक्के भाग पाणीच असतो. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे घट्ट जाळे आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारी मोठी रेणुद्रव्ये यांमुळे ते पाणी वाहून जात नाही. पाऊल टाकताना भार आला की थोडे पाणी बाहेर सरते आणि भार हटला की ते परत शोषले जाते. हे जाळे विणणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या जिवंत पेशी म्हणजे कूर्चापेशी. एकंदर कूर्चेत त्यांचा वाटा जेमतेम 2 टक्क्यांच्या आसपास असतो. विस्तीर्ण शिवारात दूर दूर एखादीच झोपडी असावी, तशा त्या विखुरलेल्या असतात.

ती आपोआप का भरून येत नाही?

हाताला विळा लागला तर जखम काही दिवसांत भरते. हाड मोडले तर तेही जुळते. कूर्चेला मात्र हे साधत नाही. जखम भरावयाची तर तेथे रक्त पोहोचावे लागते. रक्ताची गुठळी होते, त्यात दुरुस्ती करणाऱ्या पेशी येतात आणि नवे ऊतक तयार होते. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रव्यातून होते, आणि ते आतपर्यंत झिरपण्यास सांध्याची हालचाल व्हावी लागते. कूर्चेत मज्जातंतूही नसल्याने सुरुवातीची इजा पुष्कळदा दुखतही नाही. दुखू लागते ते खालच्या हाडापर्यंत किंवा सांध्याच्या अस्तरापर्यंत त्रास पोहोचल्यावर.

हे निरीक्षण नवे नाही. 1743 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर या शल्यचिकित्सकाने सांध्यांच्या कूर्चेवर निबंध सादर केला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही, हा जुन्या काळापासून चालत आलेला अनुभव त्याने त्यात नोंदविला होता. पुढील दोन शतकांहून अधिक काळ वैद्यकाला यावर खात्रीचा मार्ग सापडला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक उपाय रूढ झाला. दुर्बिणीतून पाहत, खड्डा पडलेल्या जागी खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडावयाची, जेणेकरून मज्जेतील रक्त व पेशी वर येतील. हा उपाय सोपा आणि तुलनेने स्वस्त आहे व आजही वापरला जातो. मात्र त्यातून बहुधा तंतुमय कूर्चा तयार होते. ती व्रणासारखी असून मूळच्या काचाभ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. म्हणून शास्त्रज्ञांनी पुढचा विचार केला : रुग्णाच्याच कूर्चापेशी काढून, बाहेर वाढवून, पुन्हा त्याच सांध्यात रोवता येतील काय?

पऱ्हे टाकणे आणि रोवणी करणे

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना ही पद्धती समजावून सांगणे आम्हांस अवघड वाटत नाही. धान आपण थेट बांधीत पेरून मोकळे होत नाही. आधी एका छोट्या जागेत पऱ्हे टाकतो, रोपे जोमाने वाढू देतो, ती उपटून जुड्या बांधतो आणि मग चिखलणी केलेल्या बांधीत रोवणी करतो. कूर्चापेशींच्या उपचाराचा क्रमही असाच आहे.

पहिल्या टप्प्यात शल्यचिकित्सक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने गुडघा आतून तपासतात. खड्डा किती मोठा, किती खोल आणि भोवतालची कूर्चा किती निरोगी आहे, हे पाहतात. मग जेथे भार कमी पडतो अशा कडेच्या भागातून निरोगी कूर्चेचे दोन-तीन बारीक तुकडे घेतात. त्यांचे एकूण वजन साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या काही दाण्यांइतके असते.

दुसरा टप्पा प्रयोगशाळेचा. तेथे कूर्चेचे तुकडे बारीक करून विशिष्ट एन्झाइमच्या द्रावणात ठेवतात. कोलॅजेनचे जाळे विरघळते आणि आतील पेशी सुट्या होतात. त्या असतात दोन-तीन लाखांच्या घरात. त्या पोषकद्रवासह सपाट तळाच्या पात्रांत घालून उष्मापेटीत ठेवतात. तेथे तापमान 37 अंश सेल्सिअस, हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि पुरेशी आर्द्रता राखतात. काही प्रयोगशाळा पोषकद्रवात रुग्णाच्याच रक्तातील रक्तरस मिसळतात. पेशी पात्राच्या तळाशी चिकटतात, पसरतात आणि विभागू लागतात. दोन लाख पेशी सहा वेळा दुप्पट झाल्या की त्यांची संख्या 1 कोटी 28 लाख होते. यास काही आठवडे लागतात.

येथे एक अडचण उभी राहते. सपाट पात्रात वाढताना कूर्चापेशी आपला स्वभाव विसरू लागतात. शरीरात त्या गोल असतात आणि ‘दुसऱ्या प्रकारचे’ कोलॅजेन तयार करतात. पात्रात त्या लांबट होतात आणि व्रणातील पेशींप्रमाणे ‘पहिल्या प्रकारचे’ कोलॅजेन तयार करू लागतात. म्हणजे संख्या वाढते, पण गुण उणावतो. 1982 साली बेन्या व शॅफर या संशोधकांनी दाखवून दिले की, अशा स्वभाव विसरलेल्या पेशी मऊ जेलमध्ये, चहूबाजूंनी आधार मिळेल अशा रीतीने ठेवल्या तर पुन्हा गोल होतात आणि मूळचे कोलॅजेन तयार करू लागतात. त्यामुळे पेशी किती वेळा वाढू द्याव्यात यास मर्यादा असते आणि आजच्या पद्धतींत त्यांना कोलॅजेनचे पटल किंवा जेल यांचा आधार देतात. पऱ्ह्यात रोप फार दिवस राहिले तर रोवणीनंतर त्याला जोम राहत नाही, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

तिसरा टप्पा रोवणीचा. पेशी जीवाणू, बुरशी व विषद्रव्ये यांपासून मुक्त आहेत काय, त्यांपैकी किती जिवंत आहेत आणि त्या नेमक्या त्याच रुग्णाच्या आहेत ना, याची तपासणी होते. मग ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीतून, मर्यादित तासांच्या आत त्या शस्त्रक्रियागृहात पोहोचाव्या लागतात. शल्यचिकित्सक खड्ड्यातील सैल, सडका भाग खरवडून कडा स्वच्छ करतात आणि पटलावर किंवा जेलमध्ये धरलेल्या पेशी तेथे बसवितात.

चौथा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्लक्षित असतो, तो म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम व संयम. पहिले काही आठवडे त्या पायावर पूर्ण भार देता येत नाही, मात्र सांधा हळूहळू हलवीत राहावा लागतो. नवे ऊतक पक्के होण्यास एक ते दीड वर्ष लागू शकते. रोवणी झाली म्हणजे पीक घरात आले असे नव्हे.

गोटेनबर्ग ते लोणावळा

पेशी शरीराबाहेर जगू शकतात हे 1907 साली अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या मज्जापेशींवर दाखविले होते. कूर्चापेशींची रोवणी मनुष्यात यशस्वीपणे करण्याचे श्रेय मात्र स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग आणि त्यांचे सहकारी यांस जाते. सशांवरील प्रयोगांनंतर 1987 साली त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केला. 1994 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी 14 ते 48 वर्षे वयाच्या 23 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या 16 रुग्णांपैकी 14 जणांना चांगला किंवा उत्तम गुण आला. गुडघ्याच्या वाटीमागे खड्डा असलेल्या 7 रुग्णांपैकी मात्र केवळ दोघांनाच तसा लाभ झाला. आपले अपयशही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे मांडले, हे विशेष होय. 1997 साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या तत्त्वावरील पहिल्या उत्पादनास मान्यता दिली.

आपल्याकडे पेशीसंवर्धनाची परंपरा नवी नाही. प्राण्यांच्या ऊती व पेशी वाढविण्याची राष्ट्रीय सुविधा 1986 साली पुण्यात स्थापन झाली आणि पुढे तीच ‘राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुणे विद्यापीठाच्या परिसरातील या संस्थेने देशभरातील संशोधकांना पेशींचा पुरवठा केला आणि हे तंत्र शिकविले. रुग्णोपचाराच्या पातळीवर पाहता, लोणावळा येथे प्रयोगशाळा असलेल्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या ‘कार्टिग्रो’ या कूर्चापेशींच्या उत्पादनास 2017 साली भारताच्या औषध महानियंत्रकांनी मान्यता दिली. रुग्णाच्या गुडघ्यातून घेतलेला तुकडा तेथे जातो आणि वाढविलेल्या पेशी शल्यचिकित्सकांकडे परत येतात. या उल्लेखात कोणत्याही कंपनीची शिफारस नाही. उपचार परदेशातच होतो असा समज असेल तर तो दूर व्हावा, एवढ्यासाठीच हे नमूद केले.

अनुभव काय सांगतो?

केवळ यशोगाथा सांगून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. नॉर्वेमध्ये 80 रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एका गटावर पेशींची रोवणी व दुसऱ्या गटावर हाडाला छिद्रे पाडण्याचा साधा उपाय करण्यात आला. 2004 साली, दोन वर्षांच्या अंती, दोन्ही गटांतील बहुतेकांना आराम पडल्याचे आढळले. परंतु पेशींची रोवणी निर्विवाद सरस ठरली नाही. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत प्रत्येकी 9 रुग्णांत उपचार अयशस्वी ठरला होता. पुढे तंत्र सुधारले. पेशी कोलॅजेनच्या पटलावर वाढवून बसविण्याच्या पद्धतीचा 144 रुग्णांवरील युरोपीय अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात 3 चौरस सेंटिमीटर वा त्याहून मोठ्या खड्ड्यांमध्ये वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत नव्या पद्धतीचा लाभ अधिक दिसून आला.

ही दोन्ही उत्तरे एकत्र वाचली पाहिजेत. लहान खड्ड्यास साधा उपाय पुरेसा ठरू शकतो आणि मोठ्या खड्ड्यात पेशींच्या रोवणीचे मोल वाढते. ब्रिटनमधील उपचारांचे मूल्यमापन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने 2017 च्या ऑक्टोबरमध्ये हा उपचार सरकारी सेवेत मान्य केला तोही अटींसह : खड्डा 2 चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा असावा, गुडघ्यात संधिवाताची झीज अत्यल्प असावी, त्या जागी पूर्वी दुरुस्तीची शस्त्रक्रिया झालेली नसावी आणि उपचार विशेष केंद्रातच व्हावा.

कोणासाठी आणि कोणासाठी नाही

समजण्यास सोपे जावे म्हणून दोन व्यक्ती डोळ्यांपुढे आणू. पहिला बावीस वर्षांचा, गावच्या संघातून कबड्डी खेळणारा तरुण. पकडीत गुडघा पिळवटला गेला, सूज आली, उतरली. परंतु वर्षभर गुडघा मधूनच अडकतो आणि दुखतो. एमआरआय तपासणीत मांडीच्या हाडाच्या टोकावर एकच खड्डा दिसतो आणि उरलेली कूर्चा निरोगी आहे. दुसरी साठ वर्षांची माउली. चाळीस पावसाळे तिने वाकून रोवणी केली, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली, मांडी घालून विड्या वळल्या. तिचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूस वाकले आहेत. क्ष-किरण चित्रात हाडांमधील फट जवळपास मिटलेली आहे.

पहिल्या तरुणाची बांधी चांगली आहे. तिच्या एका कोपऱ्यात पीक गेले आहे आणि तेथे पुन्हा रोवणी करता येईल. तीही त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध शाबूत असतील आणि पाय सरळ असेल तरच. अस्थिबंध तुटलेला असेल तर तो आधी किंवा सोबतच दुरुस्त करावा लागतो. कारण धुरे फुटलेल्या बांधीत रोवलेले रोप पहिल्याच पाण्याने वाहून जाते. माउलीच्या बाबतीत मात्र सगळ्या शिवारातील मातीच धुपून गेली आहे. दोन्ही बाजूंची कूर्चा गेलेली, खालचे हाड कठीण झालेले आणि सांध्यात सतत दाह आहे. तेथे काही कोटी पेशी नेऊन ठेवल्या तरी त्या तगणार नाहीत. हा उपचार ‘जुना’ आहे किंवा ती ‘गरीब’ आहे म्हणून तिला तो नाकारला जात नाही. तिच्या आजारावर तो उपाय नाही, एवढेच खरे कारण आहे.

तिच्यासाठी काय आहे? पुष्कळ आहे. मांडीच्या स्नायूंना बळ देणारा नियमित व्यायाम, वजनावर ताबा, उकिडवे बसणे टाळण्यासाठी कमोडची खुर्ची आणि ओट्यावरचा स्वयंपाक, हातात काठी व गरजेपुरते वेदनाशामक औषध. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार लठ्ठ व्यक्तीचे वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. एवढे करूनही जगणे असह्य झाले तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि ती आज खात्रीच्या शस्त्रक्रियांत गणली जाते. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर केंद्र शासनाने 2017 च्या ऑगस्टपासून कमाल मर्यादा घातल्याने तिचा भार काही प्रमाणात हलका झाला.

आपल्या भागासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात रक्तपुरवठा खंडित होऊन मांडीच्या हाडाचा खुब्यातील गोळा मृत होऊ शकतो. तरुण वयातच जांघेत दुखणे आणि लंगडणे सुरू होते. पुष्कळदा ‘सांध्याची गादी झिजली’ असे समजून कुटुंबे वेळ दवडतात. मूळ दोष मात्र कूर्चेखालच्या हाडात असतो. मेलेल्या हाडावर कूर्चापेशी रोवून उपयोग नाही. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाने वा मुलीने जांघ किंवा गुडघा दुखतो म्हटले की तपासणी त्वरित करावी. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, हे पालकांनी विसरू नये.

सांध्याचा क्षय, आमवात किंवा सांध्यातील जंतुसंसर्ग असलेल्या रुग्णांतही हा उपचार करीत नाहीत. आधी मूळ रोगाचा बंदोबस्त करावा लागतो.

नातलगांनी विचारावयाचे प्रश्न

‘पेशी’ या शब्दाभोवती आज मोठा बाजार उभा राहिला आहे. एकाच दिवशी पोटातील चरबी किंवा कमरेच्या हाडातील मज्जा काढून, यंत्रात फिरवून गुडघ्यात टोचतात आणि त्यास ‘पेशींनी नवी गादी’ असे म्हणतात. रक्तातील बिंबाणूंचे इंजेक्शनही पुष्कळदा याच नावाने विकले जाते. यांपैकी काहींवर गंभीर संशोधन चालू आहे, परंतु वर वर्णिलेली कूर्चापेशींची रोवणी ती नव्हे. प्रयोगशाळेत आठवडेच्या आठवडे वाढविलेल्या पेशी कायद्याच्या दृष्टीने औषध ठरतात आणि त्यांस केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची मान्यता आवश्यक असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या मूळपेशींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही मान्यता नसलेले उपचार पैसे घेऊन करण्यास स्पष्ट विरोध आहे.

शेत किंवा दागिना गहाण ठेवण्यापूर्वी कुटुंबाने पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

1. आमच्या रुग्णाच्या गुडघ्यात एकच खड्डा आहे की संपूर्ण सांध्याची झीज आहे? खड्डा किती चौरस सेंटिमीटरचा आहे?
2. पेशी कोणाच्या आहेत, कोठे वाढविल्या जाणार आहेत आणि त्या उत्पादनास मान्यता आहे काय? मान्यतेचा कागद दाखविता येईल काय?
3. अस्थिबंध आणि पायाची ठेवण तपासली काय?
4. याऐवजी कोणते साधे उपाय आहेत आणि ते आधी करून पाहिले काय?
5. शस्त्रक्रिया किती, विश्रांती किती महिने, व्यायाम कोण करून घेणार आणि एकूण खर्च किती?
6. हा ‘प्रयोग’ असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत त्याची नोंद आहे काय? नोंदविलेल्या प्रयोगात प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत, असा दंडक आहे.

यांतील एकाही प्रश्नाने चांगला वैद्य रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडून उठून यावे.

प्रयोगशाळा आम्ही का उभारू इच्छीत नाही

हितचिंतकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता देणे सोपे झाले आहे. अशी प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि एक उष्मापेटी नव्हे. धूळ व जंतू यांपासून मुक्त राखलेल्या खोल्या, अखंड वीज, प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ, प्रत्येक रुग्णाच्या पेशींची स्वतंत्र तपासणी आणि नियामकांची परवानगी, हे सारे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालवावे लागते. प्रत्येक रुग्णासाठी निर्मिती वेगळी असल्याने मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून खर्च खाली आणता येत नाही. युरोपात 2009 साली मान्यता मिळालेले ‘काँड्रोसिलेक्ट’ हे कूर्चापेशींचे उत्पादन 2016 साली व्यापारी कारणांमुळेच बाजारातून मागे घ्यावे लागले. संपन्न देशांतील कंपनीस जे पेलले नाही, ते देणग्यांवर चालणाऱ्या जिल्ह्यातील रुग्णालयाने अंगावर घेणे आम्हांस सचोटीचे वाटत नाही. ज्या मोजक्या तरुण रुग्णांना हा उपचार योग्य आहे, त्यांच्या पेशींना लोणावळ्यापर्यंतचा प्रवास करता येतो. त्यासाठी गोंदियात उष्मापेटी असण्याची आवश्यकता नाही.

आवश्यकता आहे ती दुसऱ्याच गोष्टींची. त्या तरुणाचा गुडघा वर्षभर अडकत असताना ‘मुका मार आहे’ म्हणून तो घरी बसू नये, त्याची वेळेवर तपासणी होऊन योग्य केंद्राकडे चिठ्ठी जावी. शस्त्रक्रिया करून तो देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडील आपल्या गावी परतल्यावर सहा महिने, वर्षभर त्याच्याकडून व्यायाम करून घेणारे कोणी जवळ असावे. कारण व्यायामाविना उत्तम रोवणीही वाया जाते. माउलीला चालण्याचे बळ देणारा भौतिकोपचार तिच्या आवाक्यात असावा. सिकलसेलच्या मुलांचे खुबे वेळीच तपासले जावेत. ही कामे दिसावयास साधी आहेत. त्यांच्यावर उद्घाटनाची कोनशिला बसविता येत नाही. परंतु आपल्या देणगीचा रुपया येथे जितक्या गुडघ्यांपर्यंत पोहोचेल, तितका प्रयोगशाळेच्या भिंतींत पोहोचणार नाही, असे आमचे नम्र मत आहे.

विज्ञान पुढे जात आहे. दात्याच्या पेशींपासून तयार केलेली व साठवून ठेवता येणारी उत्पादने येऊ लागली आहेत. बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स या संस्थेच्या, अस्थिमज्जेतील पेशींपासून बनविलेल्या उत्पादनास गुडघ्याच्या संधिवातासाठी 2022 साली भारतात मान्यता मिळाली. अशा उपचारांचा दीर्घकालीन अनुभव जसजसा जमा होईल, तसतसे आमचे मतही आम्ही तपासून पाहू आणि बदलावे लागले तर ते याच पानांवर सांगू. तोवर रुग्णाला आशा दाखविताना ती त्याच्या आजाराच्या मापाची असावी, एवढी दक्षता आम्ही घेऊ.

  प्रयोगशाळेसाठी पुढे आलेला दात्यांचा हात रुग्णाला खाटेवरून उठवून चार पावले चालविण्यासाठी पुढे यावा, ही विनंती करून हा लेख येथे पूर्ण करतो.